अम्मीबरोबर बुर्सात चार दिवस

तुर्कस्तानला जाणारी आपल्याकडची मंडळी इस्तंबूल पाहतात, जमलेच तर कोन्याला मौलाना रूमींच्या मजारवर जाऊन येतात आणि परततात. बुर्सा राहून जाते. आम्ही मात्र इस्तंबूलला दोनच दिवस दिले आणि बुर्साला चार. याचे श्रेय आमच्या अम्मीला. इस्तंबूलच्या गर्दीत दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "इथं माणसं बघू की मशिदी? जरा शांत गावात चला."

आम्ही म्हणजे अम्मी, आम्ही दोघी बहिणी आणि दोह्याला नोकरी करणारा आमचा भाई. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अब्बांचे निधन झाले. त्यानंतर अम्मी घराबाहेर फारशी पडलीच नव्हती. भाईने चौघांची तिकिटे काढली तेव्हा "या वयात कसला प्रवास" असे दहा वेळा म्हणून झाले, आणि मग तिनेच सगळ्यांच्या आधी बॅग भरली. बॅगेत सुकटाची चटणी होती, हे आम्हाला तिकडे गेल्यावर कळले.

इस्तंबूलहून बुर्साला बसने साधारण तीन तास लागतात. वाटेत इझमितच्या आखातावरचा उस्मानगाजी पूल लागतो. २०१६ साली तो सुरू झाला, त्याआधी गाड्या फेरीबोटीने पलीकडे जात किंवा आखाताला लांबलचक वळसा घालत. ज्यांना समुद्र आवडतो त्यांनी बोटीने मुदान्या बंदरापर्यंत जावे आणि तिथून शहरात यावे. अम्मीला बोट लागते, म्हणून आम्ही बस घेतली. कोकणातल्या बाईला बोट लागते याचे भाईला अजून हसू येते.

शहर उलुदाग या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेले आहे. डोंगर अडीच हजार मीटरहून उंच. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो, त्यामुळे बर्फ नव्हते, पण माथ्यावर सारखे ढग. घरे, मशिदींचे मिनार, मधूनच चिनाराचे जुने वृक्ष, आणि मागे हिरवागार डोंगर. अम्मी खिडकीतून बघत म्हणाली, "महाडसारखं दिसतंय." दिसत नव्हते, पण आम्ही हो म्हटले.

आपल्याकडे घरोघरी अर्तुग्रुल आणि उस्मान यांच्या मालिका पाहिल्या गेल्या. त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना बुर्सा परके वाटणार नाही. उस्मानचा मुलगा ओरहान याने १३२६ मध्ये हे शहर घेतले आणि उस्मानी राज्याची पहिली मोठी राजधानी इथे वसली. पुढे राजधानी एदिर्नेला आणि मग इस्तंबूलला गेली, पण सुरुवातीच्या सुलतानांना दफनासाठी इथेच आणले जाई. उस्मान आणि ओरहान या दोघांच्या कबरी तोफाने नावाच्या टेकडीवरच्या बागेत आहेत. १८५५ च्या भूकंपात शहराची फार पडझड झाली, त्यामुळे तिथल्या आजच्या इमारती नंतर बांधलेल्या आहेत. संध्याकाळी त्या बागेतून शहर छान दिसते. स्थानिक कुटुंबे तिथे चहा पीत बसलेली असतात. आम्हीही बसलो.

बुर्साला जाऊन एकच गोष्ट पाहायची असेल तर ती उलू जामी, म्हणजे थोरली मशीद. सुलतान बायझीद यिल्दिरिमने निकोपोलिसची लढाई १३९६ मध्ये जिंकली आणि त्यानंतर ही बांधली. लोक सांगतात की लढाईला जाताना त्याने वीस मशिदी बांधण्याची मन्नत मागितली होती. जिंकून आल्यावर वीस मशिदींऐवजी वीस घुमटांची एकच मशीद बांधावी असा सल्ला त्याला मिळाला. खरे-खोटे अल्लाह जाणे, पण घुमट मोजले तर वीसच भरतात. मशीद बांधून झाल्यावर थोड्याच वर्षांत, १४०२ मध्ये, तैमूरने बायझीदला हरवून कैद केले. म्हणजे ज्या विजयासाठी ही मशीद उभी राहिली तो विजय सहा वर्षेही टिकला नाही. मशीद सहाशे वर्षे टिकली. भूकंपात तिचे बहुतेक घुमट कोसळले, ते पुन्हा उभारले.

इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींत वर बघून मान दुखते. इथे तसे होत नाही. जाडजूड चौकोनी खांब, त्यांच्यामधून जाणाऱ्या ओळी, आणि भिंतींवर, खांबांवर सगळीकडे खत्तातीचे मोठमोठे नमुने. काही अक्षरे माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. एकेक 'वाव' असा की त्याच्याकडे पाहत बसावे. ज्यांना अरबी वाचता येते त्यांचा इथे तासभर सहज जातो. भाई मोबाईलमध्ये फोटो घेत फिरत होता आणि अम्मी बोटाने अक्षरे लावत आयती ओळखत होती. ओळखली की आमच्याकडे बघून हसायची.

मशिदीच्या आत, मधोमध, वुजूचे कारंजे आहे. त्याला शादिरवान म्हणतात. त्याच्यावरचा घुमट पूर्वी उघडा होता, आता तिथे काच बसवली आहे. त्यामुळे उजेड थेट पाण्यावर पडतो आणि नमाज पढताना पाण्याचा बारीक आवाज येत राहतो. या कारंज्याचीही एक कथा सांगतात. मशिदीसाठी जमिनी घेतल्या जात होत्या तेव्हा एका बाईने आपली जागा विकायला नकार दिला. ती मेल्यावर जागा ताब्यात आली खरी, पण जी जागा तिने राजीखुशीने दिली नाही तिथे सजदा नको, म्हणून तिथे पाणी खेळवले. ही कथा आहे, इतिहास नव्हे. तरी गावोगाव जागांवरून भांडणे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती ऐकायला बरी वाटते.

मिंबर अक्रोडाच्या लाकडाचा, लहान लहान तुकडे एकमेकांत बसवून केलेला. शेजारी काबागृहाच्या दाराचा एक जुना पडदा लावलेला आहे. मिसर जिंकल्यावर सुलतान सलीमने तो इथे दिला, असे सांगतात. आणखी एक गोष्ट आम्हाला तिथे कळली. याच मशिदीचे इमाम सुलेमान चेलेबी यांनी १४०९ मध्ये तुर्की भाषेत मौलूद लिहिला. आजही तिकडे मूल जन्मले, कोणी वारले, कोणी हजला निघाले की तो पढला जातो. कोकणात आपण मौलूद पढतो, त्यामुळे अम्मीला हे ऐकून फार बरे वाटले. "आपलंच आहे म्हणायचं," ती म्हणाली.

आता मुख्य गोष्ट. असरची अजान झाली. बायकांसाठी वेगळी राखलेली जागा होती. तिथे म्हाताऱ्या होत्या, शाळेच्या मुली होत्या, बाजाराच्या पिशव्या बाजूला ठेवून आलेल्या बायका होत्या. कोणी कोणाला अडवले नाही, कोणी वळूनही पाहिले नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी स्टुले ठेवलेली होती. अम्मीने एक ओढून घेतले आणि सफेत बसली.

वाचक बहिणींना हे सांगायला हवे की आमच्या गावातली मशीद आमच्या घरापासून पन्नास पावलांवर आहे. अम्मी लग्न होऊन आली त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. रोज पाच वेळा ती त्या मशिदीची अजान ऐकते. रमजानमध्ये इफ्तारीचे ताट तिकडे पाठवते. नव्या फरशीसाठी तिने आपली एक बांगडी दिली होती. पण त्या मशिदीत तिने कधी पाऊल ठेवलेले नाही. अब्बांबरोबर ती हजला गेली होती, मक्का-मदिनेत जमातीबरोबर नमाज पढून आली. परत आल्यावर पुन्हा घरातच मुसल्ला. यात कोणी तिला रागाने अडवले असे नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

सलाम फेरल्यावर शेजारच्या बाईने अम्मीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अल्लाह कबूल एत्सिन." अम्मीला तुर्कीचा एक शब्द येत नाही, पण यातला कोणता शब्द न कळण्यासारखा होता? ती म्हणाली, "आमीन, तुमचीबी." आणि मग दोघी बराच वेळ आपापल्या भाषेत बोलत बसल्या. चाय, साबून, दुकान, हिसाब, पडदा असे पुष्कळ शब्द दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत, त्यावर त्यांचे काम भागले.

कोकणातल्या शाफई वाचकांसाठी एक माहिती. तुर्क बहुतेक हनफी आहेत, तरी तिकडच्या सरकारी वेळापत्रकात असरची वेळ आपल्यासारखी लवकरची असते. त्यामुळे भाईची घड्याळाशी ओढाताण झाली नाही. मगरिबला मात्र फातिहानंतर तो सवयीने मोठ्याने 'आमीन' म्हणाला आणि बाकी सगळी सफ गप्प. शेजारचे म्हातारे गृहस्थ नमाजनंतर हसून त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. नमाज संपल्यावर मुअज्जिन सगळ्यांकडून तसबीह करवून घेतो, ती पद्धत आम्हाला आवडली. उठून पळायची घाई नसते.

मशिदीच्या बाहेर पडले की थेट बाजार. त्यातले कोझा हान चुकवू नये. कोझा म्हणजे रेशमाचा कोष. सुलतान दुसऱ्या बायझीदने १४९१ मध्ये ही सराई बांधली, तिच्या उत्पन्नातून इस्तंबूलमधल्या त्याच्या मशिदीचा खर्च चालावा म्हणून. मध्ये मोठे अंगण, चारी बाजूंना दोन मजली खोल्या, आणि अंगणाच्या मधोमध खांबांवर उचललेली एक चिमुकली मशीद, जिच्या खाली हौद. पूर्वी आसपासच्या गावांतले शेतकरी कोषांची पोती घेऊन इथे विकायला येत. आता खोल्यांत रेशमी रुमाल आणि स्कार्फची दुकाने आहेत, आणि अंगणात झाडांखाली चहाची टेबले.

खरेदी करणाऱ्यांनी सावध राहावे. सगळेच रेशीम रेशीम नसते. चांगला दुकानदार कडेचा एक धागा काढून जाळून दाखवतो. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. खोटे असेल तर वितळून टणक मणी होतो. आम्ही दोघींनी दोन स्कार्फ घेतले. भाईलाही एक मऊ मफलर आवडला होता, पण रेशीम पुरुषांना चालत नाही म्हणून त्याने तो बायकोच्या नावावर घेतला. दोह्यात तो कोण वापरतो, यावर आमचा विश्वास नाही.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर लेख तिथेच संपायचा. इस्कंदर कबाब हा बुर्साचाच. ताटात पावाचे तुकडे, वर कबाबचे पातळ काप, टोमॅटोचा रस्सा, बाजूला दही, आणि ताट समोर आल्यावर वाढपी वरून कढत लोणी ओततो. त्याच्याबरोबर 'शिरा' नावाचे द्राक्षाचे पेय देतात. ते थोडेसे आंबवलेले असते, तेव्हा ज्यांना शंका नको त्यांनी आयरान, म्हणजे ताक, मागवावे. आम्ही तेच केले. साखरेच्या पाकातले चेस्टनट ही इथली मिठाई. बारीक बोंडांएवढी फळे, पाकात मुरवलेली. अम्मीला रताळ्याच्या काकड्यांसारखी लागली आणि तिने तीन डबे घेतले. दुसऱ्या दिवशी सुकटाची चटणी मात्र हॉटेलच्या पावाबरोबर चौघांनी संपवली.

हिरवी मशीद आणि तिच्यासमोरच्या टेकडीवरची हिरवी मजार पाहण्यासारखी आहे. सुलतान पहिल्या मेहमेदने मशीद बांधवून घेतली आणि १४२१ मध्ये तो वारल्यावर त्याला समोरच दफन केले. आतल्या रंगीत लाद्या डोळ्यांचे पारणे फेडतात. नाव हिरवी असले तरी मजार बाहेरून निळसर दिसते. अम्मी मात्र लवकर कंटाळली. उलुदागला नेणारा केबलकारचा मार्ग जवळपास नऊ किलोमीटरचा आहे. वर ढग असतील तर पैसे घालवू नयेत. आम्ही वर गेलो आणि कापसात गेल्यासारखे झाले. त्यापेक्षा शहराच्या पूर्वेला जुमालिकिझिक नावाचे जुने खेडे आहे, तिकडे सकाळी जावे. दगडगोट्यांच्या उतरत्या गल्ल्या, निळी-पिवळी लाकडी घरे, आणि अंगणाअंगणांत बायका न्याहारी वाढतात, मुरांबे विकतात. २०१४ पासून बुर्सासह हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी कारागोझचा सावल्यांचा खेळही पाहावा. उंटाच्या कातड्याच्या रंगीत बाहुल्या पडद्यामागून नाचवतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याची आठवण झाली.

चौथ्या दिवशी आम्ही मुरादियेला गेलो. खरे तर पाऊस होता म्हणून अर्धा दिवस हॉटेलातच काढायचा बेत होता. पण अम्मी तयार होऊन बसली होती. मुरादिये म्हणजे सुलतान दुसरा मुराद याची मशीद, मदरसा आणि भोवतालच्या बागेत राजघराण्यातल्यांच्या बारा मजारी. ज्यांनी सुलेमानची मालिका पाहिली आहे त्यांना शहजादा मुस्तफा आठवत असेल. १५५३ मध्ये बापाच्या हुकमाने त्याला मारले गेले, त्याची कबर इथे आहे. त्याची आई माहिदेवरान पुढे पुष्कळ वर्षे बुर्सातच राहिली आणि शेवटी मुलाच्या शेजारी दफन झाली. त्या मजारीच्या लाद्या फार सुंदर आहेत. पण तिथे कोणाचा आवाज निघत नाही.

दुसऱ्या मुरादची मजार त्या मानाने साधी. भिंतींना लाद्या नाहीत, सोने नाही. १४५१ मध्ये तो एदिर्नेला वारला, पण मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले होते की मला बुर्सात, माझ्या मुलाजवळ, अलाउद्दीनजवळ, पुरा. त्याचा हा मुलगा त्याच्या आधीच वारला होता. पेटी नको, चौथरा नको, साध्या मुसलमानासारखे मातीत ठेवा, आणि कबरीवर पाऊस पडेल असे करा. म्हणून घुमटाला वर मध्यभागी भोक ठेवले आहे. खाली संगमरवरी चौकट आणि तिच्यात उघडी माती. ज्याच्या मुलाने पुढे इस्तंबूल जिंकले, त्याची ही कबर.

आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेर रिपरिप चालू होती. वरून थेंब येत होते आणि मातीत जिरत होते. अम्मीने फातिहा पढली. मग बराच वेळ ती त्या ओल्या मातीकडे पाहत राहिली आणि भाईला म्हणाली, "अब्बांच्या कबरीवर पाणी साचतं का रे?"

भाई गडबडला. आम्हीही. अब्बा गेले त्या दिवशी धो-धो पाऊस होता. जनाजा उठला तो आम्ही दारातून पाहिला. त्यानंतरचे पुरुषांनी काय ते केले. घरी परत आल्यावर त्यांचे कपडे चिखलाने भरले होते, ते धुण्यात आमचा दिवस गेला. कबरस्तानात बायका जात नाहीत, त्यामुळे पुढे कोणी काही विचारले नाही आणि भाईने काही सांगितले नाही.

बाहेर येऊन आम्ही बागेत एका मोठ्या झाडाखाली बसलो. तिथे भाईने अम्मीला सगळे सांगितले. कबर खणताना पाणी लागत होते, ते बादल्यांनी उपसावे लागले. आत तो आणि मामू उतरले होते. अब्बांचा चेहरा किब्ल्याकडे केला तेव्हा कफनाची एक गाठ सुटेना, ती मामूंनी सोडली. वर फळ्या घातल्या, माती लोटली, पहिल्या तीन मुठी भाईने टाकल्या. पुढच्या महिन्यात माती खचली होती, ती भाईने पुन्हा भरून घेतली आणि पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूला उतार दिला. आता साचत नाही. शेजारी एक सुरंगी आहे, मार्चमध्ये तिची फुले पडतात.

अम्मीने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "सुरंगी कुठल्या बाजूला, डोक्याकडं की पायाकडं?"

"डोक्याकडं."

"बरं," ती म्हणाली, आणि चहा हवा म्हणाली.

बायकांनी कबरीच्या जियारतीला जावे की नाही, मशिदीत जावे की नाही, यावर उलेमांची मते आम्हाला ठाऊक आहेत. बायकांना मशिदीपासून अडवू नका अशी हदीस आहे, आणि त्यांच्यासाठी घरातली नमाज उत्तम अशीही आहे. दोन्ही आम्ही लहानपणापासून ऐकली, पण गावात अमल फक्त दुसरीवर झाला. पुण्याच्या एका जोडप्याने २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पुढच्या वर्षी पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात जे म्हणणे दिले, त्यातही बायकांना मशिदीत नमाजला मज्जाव नाही असेच म्हटले होते. तुर्कस्तानात सगळे आदर्श आहे असे नाही. तिथेही अनेक मशिदींत बायकांची जागा कोपऱ्यात किंवा वर माडीवर असते आणि तिथल्या बायका त्याबद्दल कुरकुर करतात. पण कुरकुर करायला त्यांच्याकडे जागा तरी आहे.

परत आल्यावर एका पहाटे, फजरनंतर, भाई अम्मीला कबरस्तानात घेऊन गेला. बाकी कोणी नव्हते. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मशिदीचे मात्र तिने स्वतः काढले. मोहल्ल्यातल्या पाचसहा जणींना चेस्टनटचे डबे उघडून बसवले आणि बुर्साचे सगळे सांगितले. मग त्या सगळ्यांच्या वतीने भाईने जमातीच्या सभेत अर्ज दिला, की निदान रमजानमध्ये तरावीहसाठी बायकांना जागा मिळावी. एका बुजुर्गांनी विरोध केला. दुसरे म्हणाले, जागा कुठे आहे? तिसऱ्यांनी सुचवले की वरच्या मजल्यावरची खोली, जिथे जुन्या चटया आणि मोडके पंखे पडले आहेत, ती रिकामी करता येईल. बोलणे पुढच्या सभेवर गेले. पण त्या खोलीला जिना बाहेरून आहे, म्हणजे येण्याजाण्याचा प्रश्न नाही, हे बहुतेकांना पटले आहे. जिन्याला कठडा नाही आणि अम्मीसारख्यांच्या गुडघ्यांना तो लागेल. वेल्डरने येऊन माप घेतले आहे, अठरा फूट भरले. पैसे बायकाच जमवत आहेत.